पाइपावरचा पिंपळ

२६ एप्रिल, शनिवार

आज यार्ड बंद. सकाळी पूजा आटोपून गच्चीवर गेलो. खराटा, घमेलं आणि पान्हा बरोबर नेला. पावसाचं पाणी जिथून खाली उतरतं त्या जाळ्या उघडून आतला गाळ काढला. पारव्यांची पिसं, मांजा, शेवग्याची वाळलेली पानं, कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता. वर्षभर जे जे गच्चीवर येतं ते शेवटी जाळीपाशी जाऊन बसतं. टाकीचा बॉल कॉक सैल झाला होता तो आवळला. टाकीखालच्या नळाचं वायसर बदललं. खाली उतरलो तेव्हा पाठ शेकून निघाली होती, पण मन हलकं वाटत होतं.

हे काम मला सोसायटीनं दिलेलं नाही, मी मागून घेतलं. मार्केट यार्डात एका कांद्याच्या आडत्याकडे मी दिवाणजी आहे. नळकामातलं मला पूर्वी काही कळत नव्हतं. आनंद गेल्यावर शिकलो. आनंद माझा मुलगा. येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. डेंग्यूनं गेला, बाविसाव्या वर्षी. ते डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात होतात असं डॉक्टर म्हणाले. त्या पावसाळ्यात पाणी सगळ्या बिबवेवाडीत साचलं होतं. कुठल्या पाण्यातला डास होता, हे कोण सांगणार. तेव्हापासून आमच्या इमारतीत मी पाणी साचू देत नाही. कुणाच्या बाल्कनीत कुंडीखालची ताटली भरलेली दिसली तरी बेल वाजवतो. लोक आता मला बघून आधीच ताटली ओततात.

मागच्या बाजूचा पाइप तेवढा राहिला. गच्चीचं पाणी त्यातून उतरतं. जुना सिमेंटचा आहे. दुसऱ्या मजल्यावर, आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीशेजारी त्याचा सांधा आहे, त्या सांध्यात पिंपळ उगवलाय. आता खिडकीच्या निम्म्यापर्यंत आला आहे. आमचा सेक्रेटरी सलिल, आयटीतला मुलगा, त्याचा निरोप आला: काका, पावसाळ्याआधी बॅकसाइडचा पाइप क्लिअर झाला पाहिजे. बघतो म्हणून कळवलं.

मागची खोली आनंदची.

रोज आंघोळीनंतर मी सूर्याला पाणी देतो. पूर्वी पुढच्या बाल्कनीतून देत असे. समोर नवी इमारत उभी राहिल्यापासून तिथून सूर्य दिसत नाही, म्हणून मागच्या खिडकीतून देतो. ते पाणी पिंपळावर पडतं, त्याला इलाज नाही. खिडकी पश्चिमेला आहे खरी. पण सूर्य सगळीकडेच असतो.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. आमच्या हिंगोलीकडे आज गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यात वाळ्याचं पाणी, वर आंबा. आणि एका माणसाला जेवायला बोलवायचं. तो जेवला म्हणजे गेलेलं माणूस जेवलं.

ही घागर मुलानं बापासाठी भरायची असते. उलटं करायची वेळ आली तर काय करायचं, हे गावाकडच्या गुरुजींना गेल्या वर्षी विचारायचा धीर झाला नव्हता. यंदा फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भरा नागोराव. नुसतं पाणी तर आहे."

जेवायला गोपाळकृष्ण सरांना बोलावलं. सर आमच्या खालच्या मजल्यावर, नेमके आमच्याच घराखाली राहतात. निवृत्त शिक्षक, मूळचे सदाशिव पेठेतले. आनंदला सहावीपासून गणित त्यांनी शिकवलं. फी कधी घेतली नाही, फक्त त्यांचा गॅसचा सिलिंडर आनंदनं वर चढवून द्यायचा असा ठराव होता. त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई, आम्ही त्यांना काकू म्हणतो. काकूंना दमा आहे, जिना चढवत नाही, म्हणून मालननं त्यांचा डबा खाली दिला. मालन माझी पत्नी. ती हल्ली कमी बोलते.

सर पाटावर बसताना म्हणाले, "हे बघा, मी असल्या गोष्टी मानत नाही. आमरस मानतो."

सरांना साखरेचा त्रास आहे, एका पुरणपोळीच्या वर ते जात नाहीत. आज मालननं न विचारता दुसरी वाढली, मग तिसरी. सर तिन्ही जेवले. आनंद तीन खायचा.

जाताना मी त्यांना काकूंच्या खोलीतल्या ओलीबद्दल विचारलं. काकूंचा पलंग मागच्या भिंतीला आहे, त्या भिंतीला वर्षभर ओल येते. सर म्हणाले, "ओल ना? ठणठणीत आहे. घरात तिचीच प्रकृती उत्तम."

३ मे, शनिवार

महिपती प्लंबर आला. तो वेल्ह्याकडचा. आमच्या भागातले बहुतेक नळ त्यानं कधी ना कधी उघडलेत. त्यानं गच्चीवरून मागच्या पाइपात बादली ओतायला सांगितली आणि स्वतः खाली अंगणात पाइपाच्या तोंडाशी बसला. मी ओतली. पुष्कळ वेळानं बारीक धार आली म्हणे. वर येऊन त्यानं आमच्या खिडकीतून हात घालून पाइपावर टिचक्या मारल्या. म्हणाला, आत मुळ्यांनी पार जटा केल्यात. पावसात गच्चीचं पाणी उतरायला वाट मिळायची नाही, मग ते या सांध्यातून बाहेर पडणार आणि भिंतीत शिरणार. सांध्याला भेग आहेच.

मग म्हणाला, "पाइप मी नवा टाकतो साहेब. पर पिंपळाला हात लावत न्हाय. ज्याच्या खिडकीत हाय त्यानं काढायचा."

मी विचारलं, मूळ अखंड निघेल का, म्हणजे दुसरीकडे कुठे लावता येईल. त्यानं नुसती मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. मी परत विचारलं नाही.

सलिलला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "काका, सिंपल आहे. अॅसिड ओतू. व्हिडिओ आहे, दोन दिवसांत डेड." मी म्हणालो, अॅसिड सिमेंटचा पाइप खाऊन टाकेल. ते खरंच आहे. पण मी ते त्यासाठी बोललो नव्हतो.

महिपतीला मुहूर्त बघून कळवतो म्हणून सांगितलं. तो हसला. म्हणाला, "बघा. पावसाचा मुहूर्त बी पंचांगात बघून ठिवा."

७ मे, बुधवार

पंचांग पाहिलं. उद्या एकादशी. शनिवारी पिंपळाची पूजा करायची, त्या दिवशी तो काढणार कसा. रविवारी पिंपळाला शिवू नये म्हणतात. सोमवारी वैशाखी पौर्णिमा, त्या दिवशी तर पिंपळाला पाणी घालायचं पुण्य. असं करत गेलं तर आठवड्यात वारच उरत नाही.

हे सगळं मी धर्म म्हणून करतोय की टाळाटाळ म्हणून, असा प्रश्न दुपारी वजनकाट्यावर पोती मोजताना मनात आला. तेवढ्यात हमालांचा आवाज झाला, ट्रक लागला होता, मग विसरलो. रात्री लिहिताना परत आठवला. गावच्या शाळेत आमचे गुरुजी सांगायचे, प्रश्न वहीत उतरवला की अर्धा सुटतो. हा सुटला नाही.

१४ मे, बुधवार

उन्हानं डोकं धरलं, म्हणून दुपारीच घरी आलो. मालन आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला उठवलं नाही. मागच्या खोलीत जाऊन बसलो. पिंपळाच्या बुंध्याशी ओल होती. ताजी. पाऊस नाही, आणि सकाळचं पाणी एवढ्या उन्हात केव्हाच वाळून जातं. म्हणजे सांधा वरून गळतोय. गच्चीवर कुणी पापड वाळवायला जातं, तेच पाणी सांडत असणार. जाऊन बघितलं तर गच्ची कोरडी ठणठणीत.

खिडकीची कडी पूर्वी करकरायची. आता अलगद सरकते. उन्हानं सैल झाली असावी.

पाणी द्यायचा तांब्या देवघरात ठेवतो तिथं नव्हता, खिडकीतच होता. सकाळी मीच विसरलो असेन. हल्ली विसरतो.

नवी पानं तांबूस आली आहेत. वारा नसतानाही हलतात. मालन त्या खोलीत जात नाही, त्यामुळे तिला हे माहीत नाही. एक-दोनदा सांगावंसं वाटलं. पण तिच्यासमोर त्या खोलीचं नाव काढायला नको वाटतं.

१७ मे, शनिवार

खाली जाऊन सरांकडची भिंत बघून आलो. बरेच दिवस मी ते टाळत होतो. गिलावा फुगलाय, हात लावला तर पापुद्रा सुटून येतो. पलंगाच्या उशाकडे बुरशीचा काळा पट्टा चढलाय. सरांनी स्टुलावर टेबलफॅन ठेवून त्याचं तोंड भिंतीकडे केलंय. काकू भिंतीला शाल लावून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बसा नागोराव. भिंतीकडे काय बघता, मी इकडे आहे." बोलताना त्यांना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. मालनची चौकशी केली. ती जेवते का, झोपते का. मी हो म्हणालो.

सर खुर्चीतून म्हणाले, "पाऊस नाही, टँकर नाही. तरी आमची भिंत रोज सकाळी ओली होते आणि दुपारी परत एकदा. इतका वक्तशीर पाऊस पुण्यात मी आयुष्यात पाहिला नाही."

काकू "अहो" म्हणाल्या. सरांनी पेपर वर केला.

वर येताना विचार करत होतो, सर असं का बोलले. सलिलला टोमणा असावा. पाइपाचं काम लांबतंय म्हणून. माझ्यामुळेच लांबतंय, हेही खरं. सोमवारी महिपतीला फोन करणार.

आज पाणी थोडं कमी घातलं.

१९ मे, सोमवार

फोन केला नाही.

२० मे, मंगळवार

यार्डातून निघालो तेव्हाच पावसानं गाठलं. मे महिन्यात असा पाऊस कधी पाहिला नव्हता. गंगाधाम चौकात गुडघ्यापर्यंत पाणी होतं. भिजलेल्या कपड्यांनीच सरळ गच्चीवर गेलो. पुढच्या जाळ्या व्यवस्थित पाणी ओढत होत्या. मागच्या बाजूला घोट्याच्या वर पाणी चढलं होतं आणि जागेवर उभं होतं, हलत नव्हतं. मी खराट्यानं ते पुढच्या जाळ्यांकडे ढकलत राहिलो. ढकललं तेवढंच परत येत होतं.

खाली वाकून बघितलं तर आमच्या सांध्यातून पाण्याचा फवारा भिंतीवर उडत होता. पिंपळ त्या पाण्यात न्हात होता. पानं धुतल्यासारखी चकचकीत. मी तसाच उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. ते पाणी कुठे जातंय हे मला माहीत होतं. तरी पहिला विचार असा आला, की एवढ्या माऱ्यात ते उपटून जायला नको.

हे लिहिलं ते बरं झालं की वाईट, कळत नाही.

२१ मे, बुधवार

पहाटे सरांनी दार वाजवलं. सर कधी कुणाचं दार वाजवत नाहीत. काकूंना श्वास घेता येत नव्हता. मी आणि सरांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं, रिक्षा मिळवली. मालन काकूंच्या पायातल्या सपाता हातात घेऊन मागे धावत आली. काकूंच्या पाठीवर माझा हात होता. साडी पाठीकडे ओली होती. घाम असेल, किंवा गादीच भिजली असेल.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. मी बाहेर बसून जप करत होतो. माळ कुठून कुठे जात होती, लक्ष नव्हतं. देवाजवळ मी काही मागितलं नाही. आनंदच्या वेळी मागितलं होतं.

आज सकाळी पाणी द्यायचं राहिलं.

२३ मे, शुक्रवार

यार्डातून परस्पर दवाखान्यात गेलो. काकू झोपल्या होत्या. बाहेरच्या बाकावर सर एकटे. मी शेजारी बसलो. आम्ही दोघे समोरच्या भिंतीकडे बघत होतो. ती छान कोरडी होती.

सर म्हणाले, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, ही बुरशी छातीत गेली आहे. गळती थांबली असं खात्रीनं सांगता येत असेल तर घरी न्या, बाहेरच्या खोलीत ठेवा, भिंत वाळू द्या. येत नसेल तर त्या घरात न्यायचं नाही. धायरीकडे एक वृद्धांची सोय आहे, सरांनी चौकशी केली आहे. तिथं बायकांचा मजला वेगळा आणि पुरुषांचा वेगळा. पन्नास वर्षांनी पुन्हा मुलांची शाळा, मुलींची शाळा, असं म्हणाले आणि हसले. ते हसणं बघवलं नाही.

मी म्हणालो, सर, तुम्ही मला बोलायचं होतं. गेल्याच वर्षी वर येऊन बोलायचं होतं.

सर म्हणाले, "येणार होतो. चप्पल घातली होती. तिनं येऊ दिलं नाही. म्हणाली, त्यांना तेवढंच राहिलंय. आपण पलंग सरकवू."

मग म्हणाले, "सरकवला. एक वीत सरकला. पुढे कपाट आहे."

मला वाटत होतं की त्या झाडाचं माझं मलाच माहीत आहे. मी स्वतःलासुद्धा कधी नीट सांगितलं नव्हतं. आणि खाली दोन माणसं वर्षभर ते भिंतीतून अंगावर घेत होती आणि एकमेकांना गप्प बसवत होती.

घरी चालत आलो. वाटेत मारुतीच्या देवळापाशी थांबलो. आत गेलो नाही.

२४ मे, शनिवार

मालनला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. पिंपळ काढायला हवा, त्याशिवाय काकू घरी येत नाहीत, धायरीला जातील, एवढंच म्हणालो. मला वाटलं होतं, ती म्हणेल काढा, कधीचा काढायला हवा होता. ती त्या खोलीत जात नाही, तिला ते झाड आवडत नसावं, असं मी धरून चाललो होतो.

ती म्हणाली, "पावसाळा सरू द्या."

मी म्हणालो, पावसाळ्यासाठीच तर काढायचा आहे.

"मंग दिवाळीत बघू."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. निवडून झालेले तांदूळ तिनं परत ताटात ओतले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले. मग विचारलं, "काकू तिकडंच राहतील मंग?" मी हो म्हणालो. "आणि सर?" मी म्हणालो, तिथंच, पण वेगळ्या मजल्यावर.

दुपारी तळजाईच्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेलो. पाइपातला पिंपळ दुसरीकडे लावला तर जगतो का, विचारलं. तिथला माणूस म्हणाला, मूळ सगळं आलं तर पिंपळ दगडावर जगतो. तुटलं तर नाही. मग म्हणाला, रोप हवं असेल तर नवं घेऊन जा की, आहेत आमच्याकडे. त्याला कसं सांगणार.

२७ मे, मंगळवार

अमावास्या. पाऊस थांबून थांबून चालू आहे. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन मागचं पाणी बादलीनं उपसतो. सलिल दोनदा येऊन गेला, मदतही केली. बिचारा ऑफिसच्या कपड्यात होता. अॅसिडचं नाव त्यानं परत काढलं नाही. त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

आज गुरुजींना पुन्हा फोन केला. विचारलं, मेलेलं माणूस खरंच झाडात राहतं का. आयुष्यभर मी हे विचारलं नव्हतं, सगळे म्हणतात म्हणून मानत आलो. गुरुजी म्हणाले, शास्त्रात पिंपळ म्हणजे विष्णू. बाकीचं माणसांनी आपल्या दुःखासाठी ठेवलंय. मी विचारलं, मग मी रोज कुणाला पाणी घालत होतो. ते म्हणाले, ते तुम्ही सांगा.

माझा देवावर विश्वास आहे. पण देवाला पाणी घालून झाल्यावर रिकामा तांब्या घेऊन मी कधी असा उभा राहिलो नव्हतो.

२८ मे, बुधवार

सरांचा फोन आला. शनिवारी काकूंना सोडणार आहेत. सरांनी धायरीला दोन जागा सांगून ठेवल्या. तुम्हाला कळवावं म्हणून फोन केला, एवढंच म्हणाले, आणि कपाटाची किल्ली आमच्याकडे ठेवून जाऊ का, असं विचारलं.

मी त्यांना म्हणालो, जागा घेऊ नका. उद्या काम होईल.

मग महिपतीला फोन केला. उद्या गुरुवार. पंचांग बघितलं नाही.

२९ मे, गुरुवार

आज रजा घेतली. आता संध्याकाळ आहे, पाऊस नाही. मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत नवा पाइप आहे, राखाडी रंगाचा. दुपारी सरांना फोनवर सांगितलं, गळती थांबली, काकूंना घरीच आणा. सर बरं म्हणाले. फोन ठेवला नाही त्यांनी, तसाच धरून बसले होते. मीही. शेवटी कुणी ठेवला ते आठवत नाही.

मूळ अखंड आलं नाही. महिपतीनं जुना पाइप फोडला तेव्हा आत मुळ्यांची वेणी निघाली, तपकिरी, मऊ, माझ्या हाताहून लांब. भेगेत आणि भिंतीत गेलेलं सगळं तुटून तिथंच राहिलं. ते बघून नर्सरीचा विचार मी सोडून दिला. महिपतीनं भेगेत सिमेंट भरलं.

सकाळचं लिहायचं राहिलं, ते आता लिहितो.

महिपती गच्चीवरून दोराच्या झुल्यावर खाली आला आणि आमच्या खिडकीबाहेर लोंबकळत थांबला. मी आतून खिडकीची एक झडप उघडली. करवत हातात होती. आंघोळ झाली होती, तांब्याही भरून आणला होता. पण पाणी घातलं नाही, तांब्या खाली ठेवला. महिपतीला विचारलं, काही म्हणायचं असतं का. तो म्हणाला, "म्हनायचं, हितं जे कुनी वस्तीला असाल त्यांनी आता दुसरीकडं जावं, आमास्नी माफ करावं. एवढंच. बाकी मंत्र न्हाय काय."

मी हात जोडले. इथं जे कोणी, इथपर्यंत म्हणालो. पुढचं आलं नाही. परत सुरू केलं, परत तिथंच अडलं. महिपतीनं तोंड दुसरीकडे वळवलं आणि उगाच दोराची गाठ तपासायला लागला.

तेव्हा मालन आत आली. गेल्या दोन वर्षांत मी तिला त्या खोलीत पाहिलं नव्हतं. हातात वाटीत दहीभात होता आणि कुंकू. मला बाजूला सारून ती खिडकीशी गेली. दुसऱ्या झडपेची कडी तिनं न बघताच सरकवली. हात लांब करून तिनं बुंध्याला कुंकू लावलं. तिथं आधीचं पुसट कुंकू होतं. मला ते आज दिसलं. वाटी खिडकीत ठेवली. मग झाडाकडे वाकून बोलली. सकाळी कॉलेजला उशीर होत असला की ती त्याला उठवायची, त्याच आवाजात.

"बाळा, खाली काकूंना तरास होतोय रे. ऊठ आता तिथून. मी दुपारचं पाणी घालत होते, उद्यापासून येणार नाही. वाट बघू नको."

पानं हलत होती. ती नेहमीच हलतात.

मग तिनं खिडकीतली जागा मला दिली, आणि गेली नाही, माझ्या पाठीशी उभी राहिली. मी डाव्या हातानं खोड धरलं. अंगठ्याएवढं होतं, कोवळं. पांढरा चीक हातावर आला. करवत फार वेळ चालवावी लागली नाही.